देवगाव फाट्याची वीस मिनिटं

"मॅडम, मला बाकी काही नको. एक स्क्रीनशॉट पाठवा. दोन रेघा दिसल्या पाहिजेत, बास."

कदम साहेबांचा सकाळपासूनचा हा तिसरा फोन. स्क्रीनशॉट माझ्यासमोर तयार होता. एक बटण दाबायचं होतं आणि माझा हात काही त्या बटणाकडे जात नव्हता.

"सर, जरा तपासून देते," मी म्हटलं.

"तपासायचं काय त्यात? मागच्या आठवड्यात तुम्हीच दाखवला की चार्ट. उद्या दुपारी मीटिंग आहे. फाइलला जोडायला कागद पाहिजे. अप्पाचा विषय उद्या संपवायचाय."

अप्पाचा विषय संपवायचा म्हणजे अप्पाला कामावरून काढायचं, हे मला कळत होतं. मी फोन ठेवला.

कदम साहेब एका खाजगी डेअरीचे प्लँट मॅनेजर. डेअरीचा मोठा प्लँट परभणीजवळ, आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी त्यांची चिलिंग सेंटरं. चिलिंग सेंटर म्हणजे आसपासच्या गावांचं दूध गोळा करून, टँकर येईपर्यंत मोठ्या टाकीत थंड करून ठेवायची जागा. त्यातलं एक देवगाव फाट्यावर, आणि तिथे शिवराजअप्पा ऑपरेटर. माझं परभणीत सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे. आम्ही चौघं. पत्रिकेवर 'सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुणे' असं छापता येत नाही म्हणून आमच्याकडच्या पोरांची लग्नं अडतात, पण कामाला तोटा नाही. डेअरीच्या टाक्यांना सेन्सर लावायचे आणि आतल्या दुधाचं तापमान साहेबांना कॉम्प्युटरवर दिसेल असं करायचं, हे आमचं काम.

झालं होतं असं. एप्रिलचं ऊन. देवगाव फाट्याहून दूध भरून टँकर निघाला आणि वाटेत पंक्चर झाला. स्टेपनीतही हवा नव्हती. भर उन्हात टँकर बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि दुपारी प्लँटवर पोचला. प्लँटवर प्रत्येक टँकरचं थोडं दूध उकळून बघतात. हे दूध फाटलं. अख्खा टँकर ओतून द्यावा लागला.

ड्रायव्हरचं म्हणणं साधं होतं. टँकर थर्माससारखा दुहेरी पत्र्याचा असतो. दूध थंडगार भरलं असेल तर पंक्चर होऊ द्या नाहीतर आणखी काही, दिवसभर थंड राहतं. फाटलं म्हणजे भरतानाच कोमट होतं. आणि डेअरीचा नियम आहे की टाकीतलं दूध चार अंशांवर आल्याशिवाय टँकरमध्ये सोडायचं नाही. नियम पाळायची जबाबदारी अप्पाची.

मग साहेबांनी आम्हाला चार्ट मागितला. चार्टवर एक रेघ टाकीच्या तापमानाची. दुसरी उभी रेघ टँकरचं झाकण उघडल्याची. टँकरवर जीपीएसची डबी असते, ती झाकण उघडलं की नोंद करते. झाकण उघडलं त्या क्षणाला टाकीचं तापमान होतं आठ. चार नाही, आठ. मी चार्ट दाखवला, साहेबांनी मान हलवली, आणि त्याच संध्याकाळी दूध उत्पादकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला की गरम दूध भरल्यामुळे ऑपरेटर शिवराजअप्पा यांना सस्पेंड करण्यात येत आहे. त्या ग्रुपात फाट्याच्या आसपासची सगळी गावं होती.

आता मला काय खुपत होतं ते सांगते. चार्टवर टँकर भरून निघून गेला, तरी टाकीची रेघ चारवर येऊन तिथेच आरामात पडून होती. चांगला पाव तास. टाकी रिकामी झाली तर तापमान वर जायला नको? बाहेर एप्रिल आहे. रिकाम्या टाकीत गार काय राहणार?

मागच्या आठवड्यात हे मी साहेबांना बोलून दाखवलं होतं. ते म्हणाले, "तळाशी थोडं दूध राहतं मॅडम. सेन्सर तळाला आहे." पटण्यासारखं होतं. मी पटवून घेतलं. पण उद्याची मीटिंग म्हटल्यावर तीच रेघ डोळ्यांसमोरून हलेना.

माझा पार्टनर इम्रान, दहा वर्षांपासून माझ्याबरोबर आहे. सगळ्यात हुशार आणि सगळ्यात उशिरा येणारा. तो आल्या आल्या मी त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "चहा नंतर. आधी मला सांग, आपला टाइमस्टॅम्प खरा आहे का?"

टाइमस्टॅम्प म्हणजे नोंदीवरची वेळ. हे जरा समजावून सांगावं लागेल, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे.

आम्ही एक तयार लायब्ररी वापरतो. पुस्तकांची नव्हे, कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, आपण तो आपल्या कामाला जोडून घ्यायचा. या लायब्ररीला आपण एकेक नोंद देत जायची, 'देवगाव टाकी, अमुक अंश', आणि ती नोंद जपून ठेवते. याला लॉग करणं म्हणतात. प्रत्येक नोंदीवर लायब्ररी स्वतःहून एक वेळ टाकते: नोंद आमच्या सर्व्हरवर पोचली ती वेळ. शिवाय आपल्याला हवी ती दुसरी वेळही आपण टाकू शकतो. आम्ही टाकायचो सेन्सरच्या डबीतली वेळ, म्हणजे तापमान खरोखर मोजलं ती वेळ. पूर्वी पत्राच्या आत वर कोपऱ्यात तारीख लिहायचे आणि पाकिटावर पोस्टाचा शिक्का असायचा, तसंच हे. आतली तारीख आणि बाहेरचा शिक्का. लायब्ररीच्या भाषेत या दोन वेगवेगळ्या टाइमलाइन. चार्ट बघताना कुठल्या टाइमलाइनवर बघायचा ते आपण निवडायचं.

आम्ही नेहमी आतली तारीख निवडायचो. कारण देवगाव फाट्यावर नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. नसलं की डबी नोंदी साठवून ठेवते आणि नेटवर्क आलं की एकदम पाठवते. पोस्टाच्या शिक्क्याने चार्ट काढला तर तासभर लागून थंड झालेलं दूध एका मिनिटात थंड झाल्यासारखं दिसेल. तेव्हा निवड बरोबरच होती, आजही मी तीच करीन.

"टाइम झोन बघितला?" इम्रानने विचारलं. आमच्या धंद्यातली ही पहिली शंका. कॉम्प्युटर पुष्कळदा लंडनकडची वेळ धरून चालतात आणि आपल्याकडे साडेपाच तास पुढे. पण तसं असतं तर दूध मध्यरात्री भरलेलं दिसलं असतं. ते नव्हतं.

"नोंदींचा क्रम उलटसुलट झाला असेल तर?" डबी प्रत्येक नोंदीला क्रमांक देते. ते लावून बघितले. सगळे शहाण्यासारखे रांगेत. टँकरच्या जीपीएसची वेळ तर उपग्रहावरून येते, तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

जेवणाची वेळ होऊन गेली. जे जे तपासलं ते बरोबर निघत होतं, आणि तेच मला नको होतं. कारण सगळं बरोबर असेल तर अप्पाने खरंच आठ अंशांवर दूध सोडलं होतं. मग मी कशासाठी एवढा जिवाचा आटापिटा करत होते?

मी अप्पांना फोन लावला. सेन्सर बसवताना दोनदा भेटलेलो, तेवढीच ओळख. साठीकडे झुकलेला माणूस, कपाळावर भस्म, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, बोलणं तुटक.

"अप्पा, त्या दिवशी दूध सोडताना किती अंश होतं?"

"चार."

"नक्की?"

"मॅडम, आता तुमीबी तेच इचारायलाव का? चार झाल्याबिगर मी व्हॉल्व खोलत न्हाई. पंदरा वर्सं झाली. तुमचं मशीन आठ म्हनतंय तर मशीनला इचारा." आणि फोन बंद.

राग आला. मग वाटलं, राग यायचं कारण नाही, त्याला यायला पाहिजे.

दुपारी इम्रानने त्या चार्टची टाइमलाइन सहज बदलली. पोस्टाच्या शिक्क्यावर ठेवली आणि त्या दिवसाऐवजी कालचा दिवस उघडला. अप्पाला घरी बसवल्यावर दोन दिवसांनी आम्ही तिथलं सिम बदललं होतं, त्यामुळे आता नोंदी साठून राहत नव्हत्या, मोजल्या की लगेच येत होत्या. इम्रानने खुर्ची पुढे ओढली. 

"ताई, इकडं या. या नोंदीवर आतली वेळ बघा आणि पोचल्याची वेळ बघा."

मी बघितलं. मग चष्मा पुसून बघितलं. नोंद पोचली होती आधी आणि लिहिली गेली होती नंतर. जवळजवळ वीस मिनिटांनंतर. पाकिटावर सोमवारचा शिक्का आणि आत पत्रावर मंगळवारची तारीख, असा प्रकार.

"म्हणजे डबीचं घड्याळ पुढे आहे," मी म्हटलं.

"वीस मिनिटं पुढं. मग दूध चारवर आलं ते चार्टवर दिसतं त्याच्या वीस मिनिटं आधी. रेघ वीस मिनिटं मागं सरकवा."

सरकवली. टँकरचं झाकण उघडलं त्या क्षणाला टाकी बरोबर चारवर. आणि टँकर भरून होत आला तशी रेघ वर चढायला लागली, रिकाम्या टाकीने चढावं तशी. मला एकदम रडू येईल असं वाटलं. इम्रान म्हणाला, "आता चहा?"

मी तिथेच साहेबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, रेघ सरकवायची म्हणजे डेटा फिरवायचा. मी हे वर कसं सांगू? आणि घड्याळ पुढे कसं गेलं? आपोआप?"

 असली घड्याळं वर्षभरात दोन-चार मिनिटं इकडेतिकडे होतात. वीस नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिंतूरची एसटी धरली. जिंतूर, चारठाणा करत फाट्यावर उतरले तेव्हा दूध घालायची वेळ होती. अप्पांना सांगून ठेवलं होतं. ते आले होते, पण सेंटरच्या फाटकाबाहेर उभे. आत बोलावलं तर म्हणाले, "ग्रुपवर आलंय, आत यायचं न्हाई म्हनून. मी न्हाई येत." मेसेजमध्ये असं काही नव्हतं. पण मी हट्ट केला नाही.

आत जिंतूरहून पाठवलेला बदली ऑपरेटर दूध मोजून घेत होता. मी डबी उघडून तिच्या छोट्या स्क्रीनवरची वेळ बघितली, माझ्या मोबाइलवरची बघितली. वीस मिनिटांचा फरक, इम्रानने काढला तेवढाच. मग मान वर केली तर भिंतीवर मोठं घड्याळ. डबीशी मिनिटाला मिनिट जुळणारं.

मला वाटलं माझा मोबाइल बिघडला.

शेजारी कुशावर्ताबाई नावाच्या एक बाई कॅन रिकामी करून पावतीसाठी थांबल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "मावशी, हे घड्याळ बरोबर आहे का?"

"ते डेअरीचं हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हंजे पुढं हाय." माझ्याकडे बघून त्यांना वाटलं असावं की शहरातली बाई, हिला सगळंच फोडून सांगावं लागणार. "डेअरी बंद व्हायचा टाइम ह्या घड्याळावर. बरोबर ठेवलं तर कोन येतंय टायमावर? लोक आरामशीर चालत येतेत आन मग टँकर थांबतंय. म्हनून पुढं ठिवायचं. लय जुनं हाय हे."

"पण सगळ्यांना माहीत आहे की पुढे आहे."

"माहीत हाय की."

"तरी घाई करता?"

"घड्याळ पुढं दिसलं का पाय उचलतेतच, बाई," त्या म्हणाल्या आणि पावती घेऊन गेल्या. आमच्याही घरी देव्हाऱ्याशेजारचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं आणि मीही रोज त्याला बघून धावते. तेव्हा मला बोलायला तोंड नव्हतं.

मी फाटकाशी गेले. "अप्पा, डबीतला सेल कुणी बदलला होता?"

"मीच. संक्रांतीनंतर. तुमच्याच हापिसातल्या पोरानं फोनवर सांगितलं कसं बदलायचं ते."

"मग स्क्रीनवर वेळ लावायला सांगितलं असेल."

"लावला की टाइम."

"कशात बघून?"

"घड्याळात बघून." त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

"अप्पा, ते पुढे आहे. तुमच्या खिशात मोबाइल होता. त्यात का नाही बघितलं?"

अप्पांनी खिशातला मोबाइल काढून दाखवला. "मोबाइल माझा हाय मॅडम. मशीन डेअरीचं हाय. डेअरीच्या मशीनला डेअरीचाच टाइम लावनार ना?"

 पंधरा वर्षं त्या सेंटरची प्रत्येक गोष्ट त्या घड्याळावर चालत होती. पावत्या त्या घड्याळाच्या, फाटक बंद व्हायचं त्या घड्याळावर. आम्ही शहरातून डबी आणून लावली आणि गृहीत धरलं की वेळ म्हणजे सगळीकडे एकच.

भिंतीवरचं घड्याळ, डबी आणि माझा मोबाइल, तिन्ही एका चौकटीत येतील असा व्हिडिओ काढला आणि साहेबांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन.

"बघितलं. पण मॅडम, आज घड्याळ पुढे आहे. त्या दिवशी पुढे होतं कशावरून? सस्पेंड झाल्यावर अप्पानेच येऊन डबीचं घड्याळ पुढे केलं असेल तर? चावी त्याच्याकडे दोन दिवस होती. मीटिंगमध्ये मला हाच प्रश्न येणार."

प्रश्न बरोबर होता. आमचा सगळा पुरावा नव्या सिमनंतरचा, म्हणजे अप्पा घरी बसल्यानंतरचा. त्याआधीच्या नोंदी तासतासभर साठून पोचलेल्या. लिहिल्यावर तासाने पोचलेल्या पत्रावर वीस मिनिटांची चूक असली काय नि नसली काय, शिक्का नंतरचाच दिसणार.

इम्रानला फोन केला. "मला त्या दिवशी सकाळची एक तरी नोंद पाहिजे. मोजली तशीच लगेच पोचलेली."

"ताई, तेव्हा नेटवर्क नव्हतं. चार्टवर नुसता ढीग दिसतो."

"चार्ट नको बघू. कच्ची यादी काढ. ओळीने वाच."

"सगळी?"

"सगळी."

फाट्यावरच्या हॉटेलच्या बाकावर बसले. अप्पा समोर उभे. बसा म्हटलं तर बसेनात. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण माझ्या तोंडावर सगळं दिसत असणार.

"न्हाई सापडलं तर?" त्यांनी विचारलं.

"सापडेल."

"माझी पोरगी दिली हाय चारठान्याला," अप्पा म्हणाले. "तिच्या सासऱ्याचं दूध हितंच येतंय. ते ग्रुपमदी हायेत." एवढंच बोलले. मला त्यांच्याकडे बघवेना. चहा समोर आला आणि गार झाला.

इथे एक धंद्यातली गोष्ट सांगते. नोंद पोचायला थोडाफार वेळ लागतोच. लिहिली त्याच्या आधी ती कधीच पोचू शकत नाही. म्हणून नेटवर्क अधूनमधून जागं झालेलं असेल आणि घड्याळ खरंच पुढे असेल, तर ढिगात मूठभर नोंदी अशा सापडल्याच पाहिजेत ज्या वेळेआधी पोचल्यात. किती आधी, ते प्रत्येक नोंदीचं वेगळं. काही रेंगाळत आलेल्या, काही धावत. पण सगळ्यात जास्त आधी पोचलेली जी असेल ती खऱ्या फरकाच्या सगळ्यात जवळची. एक सापडली तरी पुरे. सापडलीच नाही तर अप्पाचं म्हणणं खरं असूनही माझ्या हातात काही नव्हतं, आणि खरं आहे एवढं पुरत नाही हे मला त्या बाकावर बसून नीट कळत होतं.

इम्रानचा फोन आला तेव्हा मी दोनदा हिरवं बटण चुकवलं.

"ताई, आहेत. टँकर यायच्या थोडं आधी नेटवर्क जरासं आलं होतं. मूठभर नोंदी आल्या आणि परत गेलं. एक सतरा मिनिटं आधी पोचलीय, एक अठरा, एक जवळजवळ वीस."

"त्याच दिवशी?"

"त्याच सकाळी. आणि मागच्या महिन्यातपण शोधलं मी. तेव्हापण वीस."

पोचल्याची वेळ सर्व्हरवर पडते. सर्व्हरला अप्पाचा हात पोचत नाही, माझाही नाही. मी अप्पांना म्हटलं, "सापडलं." ते म्हणाले, "मग जातो. म्हशीला पानी पाजायचं हाय." आणि खरंच निघून गेले.

मीटिंगला मी एसटीच्या धुळीसकट पोचले. साहेबांनी एकेक नोंद विचारून घेतली. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. मग असं करा, जुना चार्ट काढून टाका आणि नवा फाइलला लावा. दोन-दोन चार्ट कशाला?"

"नाही सर. जुनं काढणार नाही."

"का? चुकीचा आहे ना तो?"

"डबीने जे लिहिलं ते तसंच राहू द्यायचं. त्याच्या शेजारी मी तिसरी टाइमलाइन टाकलीय, दुरुस्त वेळ म्हणून. कुणीही दोन्ही लावून बघू शकेल. आज मी एकाला वाचवायला जुनं पुसलं, तर उद्या कुणालातरी अडकवायलाही पुसता येईल."

साहेब थोडे चिडले. "मॅडम, आठ दिवसांपूर्वी हाच चार्ट घेऊन तुम्ही आला होतात. तेव्हा तो बरोबर होता."

"हो सर," मी म्हटलं. 

अप्पांना कामावर परत घेतलं. मग दूध फाटलं कशाने, हा प्रश्न उरला, तेव्हा साहेबांनी टँकर वर्कशॉपला पाठवला. पत्र्याच्या एका जोडाला चीर गेलेली होती. धुतानाचं पाणी वर्षभर त्यातून दोन पत्र्यांच्या मधे शिरत राहिलं आणि आतलं पॅकिंग भिजून त्याचा लगदा झाला होता. सकाळच्या गारव्यात धावताना निभत होतं, पंक्चर होऊन उन्हात उभा राहिल्यावर थर्मास फुटल्यासारखीच गत झाली.

आमच्याकडे दोन बदल केले. डबी आता वेळ नेटवर्कवरून घेते, कुणी हाताने लावायचीच नाही. आणि कुठलीही नोंद तिच्या वेळेआधी पोचली की ऑफिसमध्ये स्क्रीन लाल होते. भिंतीवरचं घड्याळ बरोबर करायचा हुकूम साहेबांनी काढला होता. आठवडाभर तसं ठेवलं. लोक निवांत यायला लागले, टँकर खोळंबायला लागला. मग कुणी केलं माहीत नाही, घड्याळ परत पुढे गेलं. साहेबांनीही नंतर विचारलं नाही.

ग्रुपवर दुरुस्तीचा मेसेज टाकायला मी साहेबांच्या मागे लागले होते. त्यांनी टाकला. चांगला लिहिला होता. अप्पांची चूक नव्हती, डेअरीला खेद आहे, असा. तो पडला त्याच दिवशी ग्रुपवर कुणाच्या तरी मुलाच्या बारशाचे फोटो येत होते. चाळीस फोटोंच्या मधे तो मेसेज होता.

लायब्ररीत एक सोय आहे. उशिरा आलेली नोंद मागच्या वेळेवर लावता येते. आज पोचलेली खरी गोष्ट मागच्या आठवड्यात तिच्या जागी जाऊन बसते आणि चार्ट असा दिसतो की जणू पहिल्यापासून तेच माहीत होतं. या कामात इतकी वर्षं गेल्यावर एवढं शिकले की ही सोय फक्त तिथेच आहे. माणसांकडे जे आधी पोचतं तेच आधी घडलेलं असतं. म्हणून आता कुणाच्या नोकरीशी संबंध असलेला चार्ट मागितला की मी दोन्ही टाइमलाइन बघितल्याशिवाय देत नाही, मग साहेबांचे किती का फोन येईनात.

दिवाळीच्या आधी सेन्सर तपासायला देवगाव फाट्यावर गेले होते. अप्पा टाकीपाशी होते. या वेळी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मी विचारलं, "काय अप्पा, आता सगळं ठीक?"

"ठीक हाय. काम हाय, पगार हाय."

दूध घालायला आलेली माणसं एकेक करून कॅन रिकामी करत होती. कॅन रिकामी झाली की प्रत्येकजण दोन पावलं बाजूला होऊन टाकीवरच्या तापमानाच्या आकड्याकडे बघायचा आणि मग पावती घ्यायचा. मी तो आकडा दिसावा म्हणूनच मोठा बसवला होता, पण आधी त्याच्याकडे कुणी बघताना मी पाहिलं नव्हतं.

"हे आता सगळेच बघायलेत का?" मी विचारलं.

"सगळेच," अप्पा म्हणाले. "हेबी बघतेत." त्यांनी मान वळवून दाखवलं, तिथे धोतर नेसलेले एक गृहस्थ पावतीसाठी उभे होते. "चारठान्याचे. पोरीचे सासरे." मग आवाज खाली करून म्हणाले, "पहिले आकडा बघत न्हवते. नुसतं माझ्याकडं बघून जायचे."